गारगोटीतली वाटी

“बाई, गळ्यातलं आधी काढा. त्या खुंटीला अडकवा, मगच खलाला हात लावा.”

बोकारे साहेबांनी असं म्हटलं आणि आम्ही कामावरच्या बाया एकमेकींच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. नवरा जिवंत असताना गळ्यातलं काढायचं? तुळसाबाईला तर कधीच कोणाची भीड नव्हती. ती म्हणाली, “काहून जी साहेब, तुमची बायको काढते का?”

साहेब रागावले नाहीत. उन्हानं करपलेला, रिटायरला टेकलेला माणूस. त्यांनी आपला हात पुढं केला. बोटावर अंगठीचा पांढरा वण होता. “माझीही पेटीत ठेवली आहे. सोनं फार मऊ असतं, बाई. दगड कुटताना तुमचा एखादा मणी घासला, त्याचा कण खलात पडला, की मी म्हणणार दगडात सोनं आहे. आणि नागपूरच्या ऑफिसातले मला वेड्यात काढणार.”

बाया हसल्या. मी मात्र पदर गळ्याशी ओढून धरला.

त्या वेळी आमचा वसंता पोटात होता. आमचं गाव पिंपळधरा, भंडाऱ्याकडचं. गावाबाहेरच्या टेकाडावर आमचं वावर. वावर म्हणायचं नावाला, नुसत्या पांढऱ्या गारगोट्या. तीळसुद्धा धड होत नसत. त्यामुळे पेरणी-कापणी सोडली तर आमचे हे वर्षभर नागपूरला विटाभट्टीवर. मी आणि सासू, दोघीच घरात. सासूचं नाव भागरथाबाई. तिच्या जिभेची धार अशी की भाकरी गिळताना घास अडकावा. आणि नेमकं त्या साली बोकारे साहेब आणि त्यांची सरकारी माणसं आली, दगड पाहिले, आणि म्हणाली, तुमच्या वावरात चर खोदून सोनं आहे का पाहायचं आहे. ह्यांना चौकीदार ठेवलं, मला दगड कुटायला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हे सलग घरी जेवत होते. मला सोन्याचं काय करायचं होतं? चर खोदणं चालत राहावं, एवढीच माझी मागणी होती.

म्हणून तर मी ते केलं.

चर खोदायला सुरुवात व्हायची होती त्या दिवशी सासू मला म्हणाली, “भुईले उपाशी ठेवून तिच्या पोटात हात घालू नये. मामंजीनं विहीर खोदली तवा मी नथीचा मणी टाकला होता. मी आता बिनकुंकवाची, मले पूजा चालत नाही. तू कर. हळद-कुंकू वाहा, नारळ फोड, अन् सोन्याचा कण दे. अन् दिलं ते कोणाले सांगाचं नाही. बोललं की फळत नाही.”

“कण कुठून आणू, आत्याबाई?”

“माझ्याजवळ असता तर मीच दिला असता,” असं म्हणून ती आत गेली.

घरात सोनं म्हणजे माझ्या गळ्यातल्या दोन वाट्या. आमच्याकडे एक वाटी माहेरची असते, एक सासरची. सासरची चांगली मोठी, ठसठशीत. माहेरची लहान. तिच्यावरून मी लग्नाच्या आठवड्यापासून बोलणी खाल्ली होती. “तुझ्या बापाची वाटी, फुंकर मारली तर उडंल वो!” पाहुण्यांसमोर, पाणवठ्यावर, कुठंही. माझा बाप विणकर. त्या वाटीसाठी त्यानं घरचा माग विकला आणि मग मरेपर्यंत दुसऱ्याच्या मागावर बसला. हे मी सासूला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आणखी काही बोलली असती.

तर मी माहेरचीच वाटी काढली. सासरचं द्यायचा मला कोणी हक्क दिला होता? पूजा केली. चराच्या डोक्याशी एक मोठी गारगोटी होती, पांढरीशुभ्र, मधून तांबूस गंजलेली भेग. तीच मला देवीसारखी दिसली. त्या भेगेत वाटी सरकवली, वर ओली माती दाबली आणि म्हटलं, माय, ह्यांना घरी राहू दे. पोतीत वाटीच्या जागी पोवळं ओवलं आणि पदर नीट ओढून घेतला.

आणि मग काही दिवसांनी साहेबांचा तो कायदा, खुंटीला अडकवायचा. मी आपली पोत रुमालात गुंडाळून लावायची, कोणाला दिसू नये म्हणून. मनाला समजावलं, चर एवढा लांब, खोदणं चाललंय दुसऱ्या टोकाला, त्या गारगोटीला कोण हात लावतो!

काम असं चालायचं. गडी चरातून दगड काढायचे. साहेब हातोडीनं टवके पाडून पिशवीत भरायचे. आम्ही ते लोखंडी खलात कुटून चाळायचो. मग साहेब ते पीठ परातीत घेऊन नाल्याच्या पाण्यात गोल गोल हलवायचे. हलकं वाहून जातं, जड तळाशी राहतं. तळाशी काळी रेती यायची, रोज काळी रेतीच. साहेब परात तिरपी करून भिंगातून पाहायचे आणि धुऊन टाकायचे.

मग एका दिवशी मला उलट्यांनी बेजार केलं म्हणून मी घरी राहिले. दुपारी हे धावत आले. धोतराचा सोगा सुटलेला, त्याचीही शुद्ध नाही.

“सोनं लागलं वो! परातीत पिवळं पिवळं! साहेब लहान पोट्ट्यावानी नाचून राहिले!”

“कुठला दगड?” मी विचारलं.

“चराच्या डोक्याची ती गारगोटी नाही का? तांबड्या भेगेची. साहेब म्हणाले, अशाच भेगेत सोनं राहते.”

 जी भेग मला देवीसारखी दिसली, तीच साहेबांना सोन्याची दिसली होती. गड्यांनी मातीसकट टवके पाडले असतील, बायांनी मातीसकट कुटले असतील. पातळ ती वाटी, कोणाला दिसणार?

गावात दिवाळी झाली म्हणा ना. साहेबांनी सगळ्यांना गूळ वाटला. बाहेरगावी कामाला निघालेल्या लोकांनी बांधलेली गाठोडी सोडली. सासू तर गावभर तोरा मिरवत फिरत होती. “माझ्या नवऱ्याच्या वावरात निघालं! लोक म्हणत, भागरथाचं वावर म्हणजे दगडाची खाण. आता बोला म्हणा!” आणि हे? रोज जेवताना तेच. “साहेब म्हणते, मोठी मशीन येईल, मले कायमचा चौकीदार करते. आता नागपूर बंद. पोरगं माझ्या मांडीवर वाढंल.”

कोणत्या तोंडानं सांगू? एकदा गेले मी तंबूवर, साहेबांनाच सांगून टाकावं म्हणून. साहेब काचेच्या नळीत पाण्यात ते कण घालून उजेडाला धरून बसले होते. मला पाहून म्हणाले, “या बाई. पाहा. सारी नोकरी दगड फोडण्यात गेली. बायको म्हणायची, एवढे डोंगर पालथे घातलेत, माझ्या नाकात घालायला एक खडा तरी आणलात का? आता तिला सांगीन.” आणि डोळे पुसले त्यांनी, खरंच पुसले. मी म्हटलं, “पाणी आणून देऊ का, साहेब?” आणि पाणी देऊन परत आले.

नागपूरहून मोठे साहेब आले तो दिवस. जीपगाडीमागं सारा गाव टेकाडावर. बाया एकीकडे, गडी एकीकडे. टेबल मांडलेलं, त्यावर ती नळी. बोकारे साहेबांनी स्वच्छ शर्ट घातला होता. मोठे साहेब वयानं लहान, शांत माणूस. त्यांनी कण कागदावर घेतले, भिंग लावलं आणि एक एक कण टाचणीनं उलटवून पाहिला.

“बोकारे, हे फार चपटं आहे. आणि फार पिवळं.”

“खलात कुटल्यावर चपटं होणारच, सर.”

“कॅम्पवर कोणाच्या अंगावर सोनं होतं?”

“कोणाच्याच नाही! मी स्वतः खुंटीला लावून घेतो.”

“मग कोणी मुद्दाम टाकलं असेल. काम चालू राहावं म्हणून लोक करतात असं. मी पाहिलंय.” त्यांनी मान वर केली. “वावर कोणाचं हे?”

“चौकीदाराचं,” कोणीतरी म्हणालं.

सगळी तोंडं ह्यांच्याकडे वळली. ह्यांनी आधी हसून पाहिलं. मग कळलं, आपल्याला चोर म्हणून राहिले. “साहेब, पोटच्या पोराची आण...” असं म्हणून त्यांनी हात जोडले. तो अजून जन्मायचा होता पोरगा, आणि हे त्याची आण घेत होते.

मी पुढं झाले. 

“साहेब, ते सोनं माझं आहे. ह्यांना ठाऊक नाही. माझ्या माहेरची वाटी मी भुईले वाहिली होती. त्याच गारगोटीत.”

 मग बायांतून कोणीतरी “अगं माय!” केलं. बोकारे साहेब माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या तोंडावरचा रंग माझ्यासमोर उतरला. ते मी अजून विसरले नाही.

“बाई, तुम्ही नवऱ्याला वाचवायला बोलताय,” ते म्हणाले. त्यांना विश्वास ठेवायचाच नव्हता.

मोठे साहेब म्हणाले, “दुसरी वाटी असेल ना गळ्यात? काढा. घासून पाहू, कस जुळतो का.”

“ती सासरची आहे, साहेब. ही माहेरची.”

“तरी पाहू.”

तोच मागून सासू ओरडली. “काही काढाचं नाही! सवाष्णीचं गळ्यातलं असं गावादेखत काढता का? लाज आहे का तुम्हाले?” तिचा आवाज चिरकला होता. मला वाटलं, पाहा, जन्मात पहिल्यांदा माझी अब्रू राखते आहे. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी खाली मान घालून म्हटलं, “दे काढून.”

मी दिली. त्या पोवळ्यासकट पोत टेबलावर ठेवली तेव्हा सगळ्यांनी माना वाकड्या करकरून पाहिलं. मोठ्या साहेबांनी कसोटीच्या काळ्या दगडावर वाटी घासली. पिवळी रेघ उठली. तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ हिरवी झाली, फसफसली आणि गेली.

“पितळ आहे,” ते म्हणाले.

आधी कोणाला कळलंच नाही. मग हशा पिकला. तुळसाबाईचा दीर ओरडला, “बापानं दोन्हीही पितळेच्या घातल्या असतील हो! सासरची म्हणून सांगते! मंग परातीतलं सोनं कुठलं? गारगोटीचंच ना!”

“बराबर आहे!” लोक म्हणू लागले. “हिचं पितळ, दगडाचं सोनं!”

बोकारे साहेबांनी टेबल धरलं. “सर, हे शक्य आहे. तिची वाटी पितळेची असेल तर ती परातीतून निघूनही गेली असेल. हे कण खडकाचेच.” त्यांच्या तोंडावर पुन्हा उजेड आला. गावात टाळ्या सुरू झाल्या. आणि हे माझ्याकडे पाहत होते. डोळ्यांनी म्हणत होते, आता चूप राह. झालं ते चांगलं झालं. चूप राह.

सगळं परत मिळत होतं, बरं का. मशीन, चौकीदारी, ह्यांचं घरी राहणं, ह्यांच्यावरचा आळ गेलेला. फक्त माझा बाप खोटा ठरत होता. तो तर मेलेला. त्याला काय कळणार? मी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. भीतीनं निघाला नाही की लोभानं, मी आजपर्यंत ठरवू शकले नाही.

“पितळ माझं आहे.”

सासू बोलली होती. बायांतून वाट काढत ती टेबलापर्यंत आली. कपाळापर्यंत पदर, पण मान वर. “वाटी माझी. मी केली पितळेची. पोराचं लगन मोडू नये म्हणून केली, मुलामा देऊन. या रुपचंदले, पोटच्या पोरालेही ठाऊक नाही. हसायचं ते मले हसा. हिच्या बापाले हसू नका.”

“आई!” हे म्हणाले.

“तू चूप राह. हिच्या बापाची वाटी खरी होती, साहेब. मले काहून माहीत? लगन झाल्यावर देवाजवळ ठेवते म्हणून मी ती हिच्याकडून मागून घेतली, अन् गुपचूप सोनाराकडं नेऊन घासून पाहिली. मनात म्हटलं, खोटी निघू दे माय, म्हणजे माझं खोटं झाकलं जाईल. तर ती निघाली चोख. सोनार म्हणाला, बाई, व्याही प्रामाणिक भेटला तुले.” तिनं दम घेतला. “त्या दिवसापासून मी हिले बोलत आली. हलकी म्हणत आली. खरी म्हणता येईना, म्हणून हलकी म्हणत आली.”

कोणी हसलं नाही. बोकारे साहेब हळूच म्हणाले, “मावशी, पण तीच वाटी खलात गेली हे कशावरून?”

“वाटीले कडी असते, साहेब. दोऱ्यात ओवायची. दगडाले कडी नसते. चाळणीवर उरलं असंल ते पाहा ना.”

साहेब स्वतः तंबूत गेले. चाळणीवरचा जाडा चुरा ते एका डब्यात राखून ठेवत. तो डबा आणून त्यांनी ताटात उलटा केला आणि बोटानं एक एक खडा बाजूला सारू लागले. आम्ही सगळे बघत उभे. थोड्या वेळानं त्यांचं बोट थांबलं. त्यांनी काहीतरी उचलून तळहातावर घेतलं, बारकंसं, दबलेलं, पण गोल. माझ्या बापाच्या वाटीची कडी. त्यांनी पाहिली आणि मूठ मिटून घेतली.

मोठे साहेब सज्जन माणूस. त्यांनी बोकारे साहेबांवरून नजर काढून टेकाडाखालच्या पळसांकडे पाहायला सुरुवात केली.

लोक पांगले. जाताना कोणी काही बोललं, कोणी थुंकलं. गाठोडी पुन्हा बांधायची होती त्यांना. हे आईकडे न पाहता भराभर पुढं निघून गेले. उतारावर सासू आणि मी, दोघीच उरलो. मी तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं नव्हतं! हिची मान एकदा खाली झालेली पाहू दे, असं तर मी रोज म्हणायची. आता झाली होती, आणि मला तिकडे पाहवेना. लाजेनं माझेच कान तापले होते. तिचा पाय एकदा घसरला. मी धरायला हात पुढं केला. तिनं तो धरला नाही.

तंबू उचलायच्या दिवशी बोकारे साहेब घरी आले. एका पुडीत त्या कणांची आणि कडीची वितळवलेली बारीक गोळी, दुसऱ्या पुडीत टेबलावर राहून गेलेली पितळेची वाटी. मी म्हटलं, “साहेब, भुईले दिलेलं परत घेत नाहीत. चर बुजवाल तवा टाकून द्या.” त्यांनी मान हलवली. आणि टाकली त्यांनी. तुळसाबाईनं पाहिलं, स्वतः खाली उतरून टाकली.

वाटीची पुडी ओसरीवर तशीच पडली होती. सासू बाहेर आली, पुडी उचलली आणि उकिरड्याकडे निघाली. मी तिच्या हातातून घेतली. चिंच लावून घासली आणि पोतीत ओवली, तिच्यासमोर बसून.  पुढं वसंता मोठा झाला, कमावता झाला, त्यानं सोन्याच्या दोन वाट्या आणल्या. त्या पेटीत आहेत.

हे नागपूरला गेले ते पुढं वर्षानुवर्षं जात राहिले. घरात पुन्हा आम्ही दोघीच. आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत सासू मला एक वाकडा शब्द बोलली नाही. भाकरी करपली, बोलली नाही. हातून दुधाचं भांडं सांडलं, बोलली नाही. माझ्या बापाचं नाव निघालं की उठून आत जायची. मला ते सहन होईना. कधी कधी मी मुद्दाम भाजीत मूठभर मीठ जास्त टाकायची, म्हटलं, आता तरी शिव्या देईल. ती वरून पाणी घालायची, मान खाली घालून जेवायची आणि आपलं ताट आपणच घासून ठेवायची.